ठिपक्यांची नदी

मी एक जुना फळा आहे. पण मित्रांनो, तुमच्या वर्गात भिंतीला टेकून खडूची धूळ खातो, तो फळा मी नव्हे. मी मोजणीचा फळा. मला भिंत लागत नाही, कारण मला पाय आहेत, आणि तेही तीन. माझ्या अंगावर कागद ताणून बसवायचा, मला उघड्यावर उभे करायचे आणि समोर जे दिसते ते मोजून त्या कागदावर उतरवायचे, यासाठी माझा जन्म झाला. नदी, टेकडी, पायवाट, विहीर, कोणाचे घर, यातले काहीही नकाशात जाण्याआधी माझ्या अंगावर येऊन गेलेले असते.

मला एका अबोल सुताराने घडवले. त्याने लाकूड आणले आणि सावलीत रचून ठेवून दिले. लोक घाई करत, तेव्हा तो म्हणे, "लाकूड अजून ओलं आहे. आत्ता फळा केला, तर वर्षभरात त्याची होडी होईल." लाकूड पुरते वाळल्यावर त्याने फळ्या जोडल्या आणि पाठीला आडव्या पट्ट्या लावल्या. त्या पट्ट्यांतली स्क्रूची भोके त्याने गोल न ठेवता लांबट ठेवली. ओल्या हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते. त्याला हलायला जागा ठेवली नाही, तर ते वाकते. माझ्या प्रत्येक पायाच्या मध्यावर त्याने एक पितळी कडे बसवले. त्याच ओंडक्यातून त्याने आणखी एक फळा केला. तो माझा जुळा भाऊ.

आमचे काम कसे चालते तेही सांगतो. मोजणीदार मला एका जागी उभा करतो, तिथे जमिनीत एक खुंटी ठोकतो आणि मी एका बाजूला कलत तर नाही ना, हे बघतो. मग नेम धरायची पट्टी कागदावर ठेवून दूरच्या एखाद्या झाडावर नेम धरतो आणि पेन्सिलीने रेघ मारतो. नंतर तो मला दुसऱ्या जागी नेतो आणि तिथूनही त्याच झाडावर नेम धरतो. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात, तिथे ते झाड. झाडापर्यंत चालत जायची गरज नाही. म्हणूनच जिथे पाय ठेवता येत नाही अशी दलदलही आमच्या कागदावर येऊ शकते.

मी ज्यांच्या हाती आलो, त्यांना मोजणीच्या कचेरीत सगळे 'जावईबापू' म्हणत. त्याला कारण होते. माझा जुळा भाऊ ज्यांच्या हाती गेला ते म्हातारे मोजणीदार म्हणजे अण्णा, आणि हे त्यांचे जावई. मोठे साहेबसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारत. अण्णांची मुलगी, म्हणजे जावईबापूंची बायको, त्याच कचेरीत नकाशांना रंग भरायची. तिला सगळे ताई म्हणत. तिचा हात इतका हलका होता की तिने भरलेला निळा रंग कागदावर ठेवल्यासारखा वाटे, लावल्यासारखा नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या कचेरीकडे एका नदीचे काम आले. नदीच्या काठाने मैलोन् मैल पाणथळ जागा होती. लव्हाळ्याचे रान, डबकी, पाणकोंबड्या, आणि मधूनच एखादे बेट. त्यातल्या एका मोठ्या बेटाचा काठ पाण्याने ढासळत चालला होता. तिथली घरे उठवून नदीच्या काठावर नवी वस्ती वसवायची असे ठरले होते. पण कुठे वसवायची? ते आमचा नकाशा सांगणार होता. नकाशावर जी जागा कोरडी दिसेल, तिथे घरे उभी राहणार.

नदी एका शीटवर, म्हणजे नकाशाच्या एका कागदावर, मावत नव्हती. म्हणून वरच्या अंगाची शीट अण्णांना मिळाली आणि खालच्या अंगाची जावईबापूंना. दोघांत होडी एकच होती, त्यामुळे एकाचे काम संपल्यावर दुसऱ्याने निघायचे होते.

आणि मित्रांनो, आमच्या कामात एक नियम होता. शेजारच्या दोन शीट करणाऱ्यांनी, काम संपेपर्यंत, एकमेकांची शीट बघायची नाही. बघितली की पेन्सिल नकळत शेजाऱ्याच्या रेघेकडे ओढली जाते. दोघांनी आपापल्या डोळ्यांनी मोजायचे, आणि मग कचेरीत दोन्ही शीट कडेला कड लावून ठेवायच्या. रेघा आपोआप जुळल्या तर काम खरे. याला आम्ही कडजुळणी म्हणतो.

इथे मात्र दोन्ही शेजारी एकाच घरात राहणारे! मला आणि माझ्या भावाला एकाच खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे केले जाई. वर ताईने जुन्या चादरी टाकलेल्या. अण्णा पाणी प्यायला उठले तरी जावईबापूंचे कान टवकारत.

"अण्णा, तिकडे नका बघू."

"अहो, मी माठाकडे बघतोय. तुमच्या शीटमध्ये बघण्यासारखं आहे तरी काय?"

"बाबा, ताटावर बसा," ताई आतून म्हणे. "आणि जेवताना नदी नको. मागे एकदा आमटीत बोट बुडवून तुम्ही पाटावर नदीचं वळण काढलं होतं, ते माझ्या लक्षात आहे."

जावईबापू आधी निघाले, भर उन्हाळ्यात. आमची होडी वल्हवायला बेटावरची एक बाई होती. तिला सगळे मावशी म्हणत. तिचे घर बेटाच्या ढासळत्या बाजूलाच होते. पण तेव्हा नदी इतकी आटली होती की अर्धा वेळ होडी वल्हवण्याऐवजी ओढावीच लागे.

"जावईबापू, तुम्ही आहात म्हणून ओढतेय," मावशी म्हणायची. "दुसरा कोणी असता तर त्यालाच जुंपला असता."

एके दिवशी आम्ही रस्त्याजवळच्या एका मोकळ्या सपाटीवर गेलो. जमीन भेगाळलेली आणि कडक होती. जावईबापूंनी खुंटी ठोकायला घेतली तर ती आत जाईना. घणाचे घाव घालून घालून तिचे डोके फुटले, तेव्हा कुठे ती बसली. माझे पाय त्या जमिनीवर टेकले तेव्हा ठक् असा आवाज आला. इतका पक्का मी क्वचितच उभा राहिलो असेन.

"आमची घरं इथंच का?" मावशीने विचारले.

"नकाशा पुरा होऊ द्या. पण जागा चांगली आहे. रस्ता जवळ आहे."

"रस्ता जवळ असला म्हणजे झालं. पोरीला दवाखान्यात न्यायचं तर आज आधी नदी ओलांडायची, मग चालत सुटायचं."

"पुरात इथे पाणी येतं का हो, मावशी?"

मावशीने खांदे उडवले. "पुरात आम्ही बेटावर अडकलेलो असतो. होड्या बांधून, पोरं धरून बसायचं. या काठाला काय होतं ते बघायला कोण येतंय?"

जावईबापूंनी जे दिसले ते काढले. त्यांचे काम चोख होते. माझ्या कागदावर नदी बारीक वळणे घेत गेली, तिच्या कडेला दलदलीची चिंचोळी पट्टी आली, आणि रस्त्याजवळ कोरी, मोकळी जमीन. खाली कोपऱ्यात त्यांनी आपले नाव आणि साल लिहिले. शीटवर साल लिहायची रीत होती. महिना कोणीच लिहीत नसे.

मग पावसाळा आला आणि गेला. पूर ओसरू लागल्यावर अण्णा माझ्या भावाला घेऊन निघाले. मी भिंतीकडे तोंड करून चादरीखाली राहिलो. अण्णा परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आणि अगदी खुशीत. त्यांनीही कोपऱ्यात साल लिहिले, तेच साल.

कडजुळणी ताईच्या टेबलावर व्हायची. तिने दोन्ही शीट शेजारी ठेवल्या आणि कडा टेकवल्या. मग जरा मागे सरून पाहिले. पुन्हा टेकवल्या.

अण्णांच्या शीटवर दलदल रुंद होत होत थेट रस्त्यापर्यंत आली होती, आणि जावईबापूंच्या शीटची कड लागताच एकदम तुटली होती. कात्रीने कापावी तशी. पलीकडे कोरी जमीन.

"काय झालं, ताई?" शेजारच्या टेबलावरून कोणीतरी विचारले.

"काही नाही. माहेरचं पाणी सासरी पोचत नाहीये."

सगळी कचेरी हसली. हसण्याचा आवाज ऐकून मोठे साहेब बाहेर आले. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण त्यांच्या मागे घाई होती. पुढच्या पुराआधी बेटावरची माणसे हलवायची होती, आणि छपाईला जायला तेवढीच एक जोडी अडली होती. त्यांनी वाकून पाहिले आणि नेहमीचा उपाय सांगितला.

"थोडं अण्णांचं आत ओढा, थोडं जावईबापूंचं बाहेर. मधोमध गाठ घाला. तुम्ही दोन्ही घरच्या, तुम्हाला काय अवघड आहे?"

छोटा फरक असला की असेच करत, मित्रांनो, आणि त्यात काही बिघडतही नसे. पण हा फरक छोटा नव्हता. ताईने ब्रश हातात घेतला, आणि तसाच खाली ठेवला.

"साहेब, मधोमध काढली तर ती रेघ कोणाचीच राहणार नाही. तिथे कोणीच पाणी बघितलेलं नाही."

"मग कोण चुकलंय ते शोधा. पण लवकर. काही कळलं नाही, तर जावईबापूंची शीट आहे तशी छापू. तिच्यावर निदान वस्तीला जागा तरी आहे."

त्या दिवशी घरी जेवताना कोणी नदीचे नाव काढले नाही.  शेवटी अण्णाच म्हणाले, "मी चाळीशी लावली असली, तरी पाणी आणि जमीन यातला फरक मला अजून कळतो."

"मला तरुणपणीच कळतो," जावईबापू म्हणाले.

"झालं?" ताई म्हणाली. "मग दोघंही जा. आणि दोन्ही फळे घेऊन जा. त्या मावशीचं घर तुमच्या मानपानावर उभं राहायचं नाहीये."

अशी आमची चौघांची स्वारी निघाली: सासरे, जावई, मी आणि माझा भाऊ. वल्ह्यावर मावशी. होडीत बसल्यापासून सासरे एका बाजूला तोंड करून बसले आणि जावई दुसऱ्या. मावशी म्हणाली, "जरा मधे सरका दोघंही. होडी भांडण सहन करत नाही."

जावईबापूंनी आपल्या सपाटीची जागा ओळखली ती रस्त्याकडेच्या झाडांवरून. कारण सपाटी दिसतच नव्हती. सगळीकडे पाणी, पाण्यातून वर आलेला लव्हाळा, आणि एक बगळा अगदी रस्त्याला टेकून उभा. होडी तिथपर्यंत आरामात गेली. जावईबापू उतरले, मला खांद्यावरून उतरवून त्यांनी त्याच जागी उभे केले.

जिथे माझे पाय ठक् वाजले होते, तिथेच ते आत जाऊ लागले. लोखंडी टोके गेली, पोटऱ्या गेल्या, आणि चिखल पितळी कड्यांना लागला तेव्हा कुठे मी थांबलो. वरून अंगभर कललेला. माझ्यावर नेम धरणे सोडाच, पेन्सिलही राहिली नसती.

"जावईबापू," अण्णा होडीतून म्हणाले, "तुमचा फळा उभा आहे की पोहतोय?"

जावईबापूंचे लक्ष पायाखाली होते. त्यांच्या पायाला काहीतरी लागले होते. त्यांनी वाकून पाण्यात हात घातला, चाचपडले, आणि म्हणाले, "अण्णा, माझी खुंटी आहे इथे. जागा हीच. म्हणजे माझंच चुकलं."

आता अण्णांनी जिंकल्यासारखे हसायला हवे होते. पण ते मोजणीदार होते. ते धोतर सावरून पाण्यात उतरले, त्यांनीही वाकून खुंटी चाचपली, आणि बराच वेळ बोटे तिच्या डोक्यावरून फिरवत राहिले.

"हिचं डोकं फुटलंय," ते म्हणाले.

"हो. आत जाईना, म्हणून खूप ठोकावी लागली."

"चिखलात ठोकलेल्या खुंटीचं डोकं फुटत नसतं, जावईबापू. ती नुसत्या हातानं आत जाते. इथली जमीन तेव्हा दगडासारखी होती." अण्णांनी हात धुतले. "तुम्ही बघितलं ते खरं होतं. आणि मी बघतोय तेही खरंच आहे."

"मग नदीचा काठ कुठला?"

"उन्हाळ्यात विचारलं तर तुमचा. आत्ता विचारलं तर माझा."

मावशीने वल्हे आडवे ठेवले होते. ती त्या पाण्याकडे, मग माझ्या बुडालेल्या पायांकडे बघत होती. "आणि आमची घरं तुम्ही इथं बांधणार होता," ती म्हणाली. 

मग ते तिथून हलले नाहीत. दिवसामागून दिवस दोघे एकाच होडीतून फिरले. पाणी जिथवर पोचले होते ती कड, वरच्या अंगाला मावशीने वल्ह्याने तळ चाचपून दाखवलेला उन्हाळ्यातला काठ, झाडांच्या बुंध्यांवर राहिलेल्या गाळाच्या खुणा, पहिली खरी चढण, सगळे त्यांनी मोजले. एकाने नेम धरायचा, दुसऱ्याने रेघ मारायची. एकमेकांची शीट बघायची नाही हा नियम त्यांनी इतका मोडला की माझ्या कागदावर अण्णांची अक्षरे आहेत आणि माझ्या भावाच्या कागदावर जावईबापूंची.

परत आल्यावर ताईने दोन्ही शीटवर दोन दोन रेघा काढल्या. उन्हाळ्यातला काठ अखंड निळ्या रेघेने, आणि पुराच्या पाण्याची कड निळ्या ठिपक्यांनी. मधल्या जागेत दलदलीच्या खुणेची छोटे छोटे झुबके. आणि प्रत्येक रेघेच्या पोटात तिने बारीक अक्षरात महिना लिहिला. कडा टेकवल्या. अखंड रेघ अखंडला मिळाली, ठिपके ठिपक्यांना मिळाले.

मोठे साहेब बघतच राहिले. "नदीला दोन काठ पुरतात. तुम्ही चार काढलेत!"

"हो, साहेब."

"लोक नकाशा बघणार की रांगोळी? आणि ठिपक्यांसाठी छपाईवाले पुन्हा नवी पाटी मागतील. ही सगळी जागा ओली दाखवली तर वस्ती कुठे करू? वर त्या चढावर? रस्ता किती लांब पडेल तिथून! उन्हाळ्यात ही जमीन कोरडी असते, असं तुम्हीच म्हणता ना?"

तेव्हा ताईने मला आत आणायला सांगितले.

आमच्या कचेरीची शिस्त अशी, की बाहेरून आलेला फळा पाय धुतल्याशिवाय आत यायचा नाही. जावईबापू तर माझे पाय रोज पुसत. या खेपेला परतताच ताईने त्यांना बजावले होते, "अहो, याला हात लावू नका." मी तसाच आलो. तीनही पाय पितळी कड्यांपर्यंत काळे, वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे सतरंजीवर गळत होते.

"हे काय?" साहेब म्हणाले. "फळा धुतला का नाही?"

"ही तुमची वस्तीची जागा आहे, साहेब," ताई म्हणाली. "थोडी इथवर घेऊन आलोय. फळा इतका आत गेला. त्याच्यावर फक्त एक कागद होता. घरावर छप्पर असतं, माणसं असतात."

साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी खाली बसून माझ्या पायावरचा चिखल नखाने खरवडला आणि मग कड्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर वीत लावून पाहिले. नंतर त्यांनी टेबलावरून पेन उचलले, दोन्ही शीटवर सही केली, आणि म्हणाले, "छपाईवाल्यांना सांगा, ठिपके नीट उठले पाहिजेत. आणि ही सतरंजी कोण झाडणार?"

वस्ती चढावर वसली, ठिपक्यांच्या वर. मावशी काही लगेच खूश झाली नाही. ताईने तिला नकाशा दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "ठिपक्यांना भिऊन रस्ता सोडायचा म्हणजे नवलच आहे. त्या दिवशी पाणी मीही बघितलं, पण ते दरवर्षी थोडंच येतंय?" आणि खरोखर, पुढची दोन वर्षे पाऊस बेताचा झाला. पाणी त्या सपाटीवर फिरकलेच नाही. वस्तीतली माणसे डोक्यावर ओझे घेऊन लांबच्या रस्त्याला जाताना त्या कोरड्या जमिनीकडे बघून म्हणत, "ही बघा, अण्णांची ठिपक्यांची नदी. पोहायला उतरा." अण्णांच्या कानावर ते येई.  ते रोज उठून आभाळ बघत, आणि कशाची वाट बघतोय हे त्यांना स्वतःलाच आवडत नसे.

तिसऱ्या वर्षी मोठा पूर आला. पाणी उतरू लागताच आम्हाला पाठवले, कुठवर आले होते ते नोंदवायला. रस्ता अजून पाण्याखाली होता, म्हणून आम्ही मागच्या बाजूने, चढ चढून गेलो. वाटेत अण्णा आणि जावईबापू पुन्हा पुन्हा खाली पाण्याकडे बघत होते. वस्तीची छपरे दिसली तेव्हा जावईबापूंचा खांदा माझ्याखाली जरा सैल झाला, तो मला जाणवला.

मावशी आपल्या दारात बसून जाळे शिवत होती. घर कोरडे होते. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. खाली उताराला सगळीकडे पाणीच पाणी होते.

"मावशी, सगळं ठीक ना? होडी कुठे दिसत नाही?"

मावशीने सुई जाळ्यात अडकवली आणि हाताने उताराकडे दाखवले. घरापासून थोड्या अंतरावर, जिथे पाणी संपून गवत सुरू होत होते, तिथे एका खुंटीला होडी बांधलेली होती.

"ती काय," ती म्हणाली. "तुमच्या ठिपक्यांवर."

अण्णा तिथेच खाली बसले. मला वाटले थकले असतील. मग लक्षात आले, की ते डोळे पुसत होते.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे काम केले. पाय पुन्हा धुतले जाऊ लागले, पण त्या चिखलाचा काळा डाग कड्यांपर्यंत मुरला तो मुरलाच. मग विमानातून फोटो काढून नकाशे बनू लागले. पुढे आणखी शहाणी यंत्रे आली. ती चिखलात उतरत नाहीत, त्यांचे पाय पुसावे लागत नाहीत, आणि कामही झपाट्याने करतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही. मला कोठीत ठेवले. माझा भाऊ कुठे गेला ते कळले नाही. माझ्यावर आधी चहाची किटली ठेवली जाऊ लागली, मग गळक्या छपराखाली बादली. माझ्या अंगावर कपांच्या बुडांच्या गोल गोल खुणा अजून आहेत. अण्णा आता नाहीत. जावईबापूंचे गुडघे दुखतात, आणि त्यांनाही आता जावई आहे.

परवा कचेरीला आठवण झाली, की जुन्या वस्तू बाहेरच्या दालनात मांडाव्यात, म्हणजे मुले येऊन बघतील. मला कोठीतून काढले. एक रंगारी डबा आणि पॉलिश पेपर घेऊन आला. तेवढ्यात ताई आल्या. आता त्यांचे केस पांढरे झालेत, पण चष्म्यावरून बघायची सवय तीच आहे.

रंगारी माझे पाय घासायला खाली वाकला. "आजी, हे किती घाण झालंय बघा. अर्ध्या तासात नवं करून देतो."

"वरचं काय घासायचं ते घास, बाळा," ताई म्हणाल्या. "कपांचे डाग काढ, भेगा भर. पायांना मात्र हात लावू नकोस. घाण नाही ती. ते मोजलेलं आहे."

म्हणून मित्रांनो, तुम्ही मला बघायला याल तेव्हा वरून मी चकचकीत दिसेन आणि पाय मात्र पितळी कड्यांपर्यंत काळे दिसतील. माझी काळजी घ्याच. मला उन्हात टाकू नका, माझ्यावर किटली ठेवू नका. पण त्याहून जास्त काळजी नकाशा वाचताना घ्या. कोणताही नकाशा हाती आला आणि त्यात कुठे कोरी, मोकळी जमीन दिसली, की लगेच खूश होऊ नका. आधी त्याला विचारा, "बाबा रे, तू कोणत्या महिन्यातला?"

त्याला सांगता आले नाही, तर खाली माझ्या पायांकडे बघा.